पहारेकरी जागा राहिला पाहिजे

संकेतस्थळाचा प्रोग्राम लिहिणारा माणूस दिवसभर फाइली बदलीत असतो. प्रत्येक बदलानंतर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याचा त्रास वाचावा, म्हणून कामापुरता वापरायचा सर्व्हर स्वतःच फाइलींवर नजर ठेवतो आणि बदल दिसताच नव्याने उभा राहतो. पण बदललेल्या ओळीतच चूक असली तर? कंस उघडला आणि मिटायचा राहिला, की नवा प्रोग्राम उभाच राहत नाही. मग पुढे झालेली दुरुस्ती पाहणार कोण?

पायथन भाषेतील जँगो ही चौकट पाहू. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात ती २००३ साली जन्मली आणि २००५ साली सर्वांना खुली झाली. तिचा सर्व्हर दोन प्रोग्रामांचा असतो. थोरला जवळजवळ काहीच करीत नाही. धाकट्याला सुरू करतो आणि वाट पाहत बसतो. धाकटा ३ हा आकडा सांगून संपला, तर नवा धाकटा उभा करायचा. दुसरा आकडा आला, तर आपणही आटोपते घ्यायचे. धाकट्यात पुन्हा दोन कामकरी. एक संकेतस्थळ चालवितो, दुसरा साधारणतः दर सेकंदाला फाइली तपासतो. चूक निघाली की पहिला कोसळतो, चुकीची फाइल आणि ओळ पडद्यावर उमटते. दुसरा मात्र जागाच असतो.

खरी मेख पुढेच आहे. पहारा असतो तो प्रोग्रामात दाखल झालेल्या फाइलींवर, आणि चुकलेली फाइल तर दाखलच झालेली नसते! जिच्या दुरुस्तीची वाट पाहायची, तीच यादीत नाही. म्हणून जँगो अशा फाइलीचे नाव निराळे टिपून ठेवतो आणि तिच्यावरही पहारा बसवितो.

तोवर जुनाच प्रोग्राम चालू ठेवला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. मला ते पटत नाही. लिहिणाऱ्याला वाटेल, आपला बदल चालतो आहे, आणि तो भलत्याच ठिकाणी दोष शोधीत बसेल. त्यापेक्षा बंद दार बरे.

फ्लास्क ही पायथनमधलीच दुसरी चौकट चूक थेट ब्राउझरमध्ये दाखविते. सोय मोठी खरी. पण त्या पानावरून यंत्राला हुकूमही सोडता येतात. त्यासाठी पिन मागितला जातो, तरी चालू संकेतस्थळावर ही सोय कधीही उघडी ठेवू नये, असे तिचे कर्तेच बजावतात.