भुयारी रेल्वे, आपली तीन शहरं आणि ‘हरकती व सूचना’

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी बँकेतला माणूस, तेव्हा मुदत ठेवी आणि वारसनोंद यावर बोलेन अशी अनेकांची अपेक्षा असेल. पण सध्या जिन्यात, खालच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात एकच प्रश्न ऐकू येतो, मेट्रो कधी येणार? ‘कधी’वर मी बोलणार नाही, ते ज्योतिषाचं काम. ती कशी यावी, आणि ते ठरत असताना आपण आपलं म्हणणं केव्हा आणि कसं मांडायचं, एवढंच आज सांगणार आहे.

आधी गरज किती आहे ते पाहू. २००१च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती. २०११मध्ये ती १,७४,२२६ झाली. अंबरनाथ तेव्हा अडीच लाखांवर आणि उल्हासनगर पाच लाखांवर होतं. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आपण गच्चीवरून रोज मोजतो. एवढ्या माणसांना मुंबईकडे न्यायला अजून लोहमार्ग तेच. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं आणि चिखलोली स्थानकाचं काम एमयूटीपी-३एमध्ये आहे, ते व्हायलाच हवं. पण पाऊस पडला, एखादी गाडी रखडली, की आपल्याला दुसरी वाट नाही. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, हे आपण पाहिलेलं आहे.

म्हणून दोन प्रस्तावांकडे आपलं लक्ष आहे. एक, कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४, सुमारे ३८ किलोमीटरची. ती ठाणे खाडी ओलांडून घणसोली-महापेमार्गे आपल्याकडे यायची आहे आणि पारसिकच्या डोंगराच्या भागात ती जमिनीखालून नेण्याचा विचार आहे. दुसरा, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ पुढे उल्हासनगरपर्यंत वाढवण्याचा. आता आपल्यातले बरेच जण म्हणतात, आणायची तर सगळीच जमिनीखालून आणा. घरं वाचतील, दुकानं वाचतील, रस्त्यात खांब येणार नाहीत. म्हणणं चुकीचं नाही, पण त्याचा हिशोब मांडला पाहिजे.

मेट्रो ५ मंजूर झाली तेव्हा २४.९ किलोमीटरला ८,४१६ कोटींचा अंदाज होता. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ३३८ कोटी, बहुतेक मार्ग खांबांवरचा. मुंबईची कुलाबा-सीप्झ मेट्रो ३ ही ३३.५ किलोमीटर, २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली. तिचा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला. किलोमीटरमागे ११०० कोटींहून जास्त, तिपटीपेक्षा अधिक. साल वेगळं, शहर वेगळं, हे मान्य. तरी ‘भुयारी’ या शब्दाची किंमत साधारण कळते. आपण सरसकट भुयारी मागितली तर फाईलवर ‘परवडत नाही’ असा शेरा पडेल आणि आपल्याला काहीच मिळणार नाही. मागणी नेमकी हवी. कुठे जमिनीखाली, किती लांब आणि का.

अशी नेमकी मागणी पदरात पडते का? पडते. लांब जायला नको, आपल्या शेजारी भिवंडीत पाहा. मेट्रो ५चं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ला कल्याणला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. मार्ग खांबांवरचाच ठरला होता. पण धामणकर नाका ते टेमघर या दाटीच्या भागात रस्ता रुंद करायचा तर कितीतरी घरं-दुकानं जाणार होती. लोकांनी विरोध केला, लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा केला, आणि सुमारे तीन किलोमीटरचा तो तुकडा भुयारी करण्याचा निर्णय झाला. सगळी मेट्रो नाही, फक्त तेवढा तुकडा. पण त्यात एक धडाही आहे. निर्णय भूमिपूजनानंतर झाला, त्यामुळे अलीकडचा टप्पा पुढे गेला आणि पलीकडचा, म्हणजे कल्याणकडचा, मागे राहिला. तीच मागणी आराखडा कागदावर असताना पुढे आली असती तर वर्षं वाचली असती.

दुसरं उदाहरण पुण्याचं. स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा पूर्ण भुयारी विस्तार केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये मंजूर केला, २,९५४ कोटींचा. स्थानकं तीनच होती. पद्मावतीनंतर एकदम कात्रज, मध्ये बालाजीनगरला काही नाही. तिथल्या नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी मागणी लावून धरली. २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवायला मंजुरी दिली, कात्रज स्थानकही सुमारे चारशे मीटर दक्षिणेला सरकवलं. त्यासाठी जादा खर्च ६८३ कोटी. हे शक्य झालं कारण बोगदा अजून खणायचा होता. जमिनीखालचं स्थानक मागाहून घुसवता येत नाही. वरच्या मार्गाला नंतर जिना जोडता येतो, पादचारी पूल जोडता येतो. खाली ती सोय नाही.

तिसरं गिरगाव-काळबादेवीचं. मेट्रो ३च्या तिथल्या स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागणार होत्या. रहिवाशांचा आग्रह होता, आम्हाला उपनगरात पाठवू नका, इथेच घर द्या. शेवटी त्याच परिसरात पुनर्वसन करायची योजना आखावी लागली. त्याच मेट्रोच्या रात्रीच्या कामाचा आवाज उच्च न्यायालयात गेला. २०१७मध्ये रात्रीच्या कामाला मनाई झाली, पुढच्या वर्षी ती उठली. म्हणजे लोकांचं ऐकून घेतलं गेलं, पण भांडून, कोर्टात जाऊन, काम थांबवून. त्याचं व्याज शेवटी आपणच भरतो.

आता तुम्ही विचाराल, मेट्रोसाठी जनसुनावणी नसते का? पर्यावरण परवानगीची जी २००६ची अधिसूचना आहे, तिच्या यादीत मेट्रो येत नाही. त्यामुळे कारखान्याला किंवा खाणीला जशी जनसुनावणी सक्तीची, तशी मेट्रोला तिथून नाही. मग आपल्याला दारं कोणती उघडी? एक, विकास आराखड्यात फेरबदल होतो तेव्हा नगररचना अधिनियमाच्या कलम ३७खाली सूचना निघते आणि एक महिन्यात हरकती व सूचना देता येतात. दोन, २०१७च्या केंद्रीय मेट्रो धोरणात पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास आणि सर्वंकष वाहतूक आराखडा मागितला आहे. त्या टप्प्यावर लेखी निवेदन देता येतं. तीन, मेट्रो ३ला जपानच्या जायकाचं कर्ज आहे. असे कर्ज देणारे बाधित लोकांशी सल्लामसलत झाली का ते विचारतात. सावकार अटी घालतो हे बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने तुम्हाला सांगायला नको. त्या अटी वाचून आपण बोट ठेवू शकतो.

निवेदनात काय लिहायचं? माझ्या मते पाच गोष्टी.

पहिली, जागा. उल्हासनगरचे कॅम्प आणि बाजार, अंबरनाथ-बदलापूरचे स्टेशन रस्ते, जिथे रुंदीकरण म्हणजे लोकांचं घर आणि पोट जाणं, तेवढ्याच तुकड्यांसाठी भुयाराची मागणी. उल्हासनगरात तर हे फार गंभीर. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेलं हे शहर. अनेकांची तिथली कागदपत्रं आजही पुरी नाहीत. ज्याच्याकडे कागद नाही त्याला घर गेल्यावर भरपाई मागायलाही तोंड राहत नाही.

दुसरी, दार. स्थानक कुठे यापेक्षा स्थानकाचं दार कुठे उघडतं हे महत्त्वाचं. रेल्वे स्थानकाला आच्छादित मार्गाने जोडलेलं, लिफ्ट असलेलं, पूर्व-पश्चिम दोन्हीकडे निघणारं दार हवं. सत्तरीतल्या माणसाला शंभर पायऱ्या चढायला लावल्या तर तो लोकलच धरेल.

तिसरी, पाणी. आपण उल्हास आणि वालधुनीच्या काठचे लोक. २६ जुलै २००५ आपल्या भिंतींवर अजून आहे. मेट्रो ३चं आचार्य अत्रे चौक स्थानक मे २०२५मध्ये सुरू झालं आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला तिथे पाणी शिरलं. मुंबईत हे होतं, तर इथे पूररेषेपेक्षा उंच प्रवेशद्वार आणि पंपांची सोय आधीच लिहून घेतली पाहिजे.

चौथी, इमारती. कोलकात्यात ऑगस्ट २०१९च्या अखेरीस बोबाजारला बोगदा खणताना पाण्याचा थर फुटला, घरं कोसळली, शेकडो लोकांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक इमारतीची पाहणी, भेगांचे फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्या. मागाहून भेग पडली तर ‘ही जुनीच होती’ असं कोणी म्हणू नये.

पाचवी, आपलं स्वतःचं घर. हे जरा कटू आहे, पण रौप्यमहोत्सवात बोलायचं नाही तर कधी? आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी एक ओळ असते, ‘अभिहस्तांतरणाचा विषय प्रलंबित.’ पंचवीस वर्षं आपण देखभालीचा खर्च भरतो, रंग काढतो, गच्ची वॉटरप्रूफ करतो, पण जमीन सरकारी दप्तरात अजून आपल्या नावावर नाही. उद्या कुंपणाची दहा फुटांची पट्टी जरी घेतली, तरी नोटीस कोणाच्या नावाने निघेल? ज्याचं नाव दप्तरात आहे त्याच्या. भरपाईवर पहिला हक्कही तोच सांगेल. मोफा कायद्यात २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली आहे. बिल्डर सही करत नसेल तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मेट्रो येवो न येवो, पुनर्विकासालाही हा कागद लागणारच. कारंज्याची आणि नव्या कमानीची चर्चा आपण तीन सभा केली. एक सभा यावर घेऊ.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथला नगरपरिषद, कुळगाव-बदलापूरला वेगळी नगरपरिषद. आराखडा मात्र एमएमआरडीए करणार. तिघांनी तीन सुरांत मागण्या केल्या तर त्या तिन्ही फाईलबंद होतील. ‘आमच्या शहरात आधी’ हा हट्ट सोडून तिन्ही शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांनी, व्यापाऱ्यांनी आणि प्रवासी संघटनांनी एकच निवेदन करावं. त्याला नकाशा जोडावा, त्यावर खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेपुढे कारण लिहावं. आपल्या संस्थेत सिव्हिलचे दोन अभियंते आहेत, एक वकीलताई आहेत, मराठीत नीट मसुदा लिहिणारे शिक्षक आहेत. हिशोब तपासायला मी आहेच.

माझ्या वयाचा माणूस कदाचित या मेट्रोत बसणार नाही. पण नातवंडं बसतील, आणि ती स्थानकावर उतरून घरी येतील तेव्हा घर जागेवर असलं पाहिजे. म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव ठेवावेत अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो. एक मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जाचा, दुसरा या संयुक्त निवेदनाचा. सूचक म्हणून माझं नाव घाला, अनुमोदक तुमच्यातून मिळेलच.