सुटींतील संगीत-नाट्यशिक्षण आणि मुलांचा आवाज
(ज्युबिली वर्षाच्या पालकसभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीनिमित्त भरलेल्या या सभेंत मला जो विषय नेमून देण्यांत आला आहे, तो दिसावयास लहान आहे. सहावी, सातवी, आठवीच्या वर्गांतील ज्या मुलामुलींना गाण्याची आणि नाटकाची गोडी आहे, त्यांना उन्हाळ्याच्या सुटींत संगीत नाटकाचें शिक्षण कोठें द्यावें, असा हा प्रश्न. परीक्षा संपल्या म्हणजे दरवर्षीं चारपांच आया तरी देवळाच्या आवारांत मला गांठून हा प्रश्न विचारतात. बाप क्वचितच विचारतात. तेव्हां उत्तर एकदांच सर्वांसमोर द्यावें, हें बरें.

संगीत नाटक शिकविणारें ठिकाण शोधणें अवघड कां, तें आधीं सांगतों. गायनाच्या वर्गांत मूल मांडी घालून, डोळे मिटून सूर लावावयास शिकतें. नाट्यशिबिरांत तें बोलावयास आणि वावरावयास शिकतें. परंतु गातां गातां चार पावलें टाकणें, पद म्हणत असतां दुसऱ्या पात्राकडे पाहणें, पद संपतांच दम न तुटतां गद्य वाक्य उचलणें, हा जो दोहोंचा सांधा आहे तो फारच थोड्या ठिकाणीं शिकवितात. पालक एक तर गायनाचा वर्ग धरतात, नाहीं तर शिबिर धरतात, आणि मूल रंगमंचावर येऊन गाऊं लागलें कीं खुंटासारखें उभें राहतें.

पूर्वीं हा सांधा एकाच ठिकाणीं शिकावयास मिळे. तें ठिकाण म्हणजे नाटक मंडळी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें. तेव्हांपासून कित्येक वर्षें मराठी मुलांची संगीत-नाट्यशाळा मंडळीच्या बिऱ्हाडींच भरत असे. केशवराव भोसले अगदीं लहान वयांत स्वदेशहितचिंतक मंडळींत शिरले, देवलांच्या शारदेची भूमिका करून नांवारूपास आले, आणि १९०८ सालीं त्यांनीं ललितकलादर्श मंडळी काढली तेव्हां त्यांनीं विशीही गांठली नव्हती. बालगंधर्वही किर्लोस्कर मंडळींत आले ते विशीच्या आंतच. शिक्षण कसून होई, यांत शंका नाहीं. परंतु त्याची किंमतही तशीच असे. मुलाची शाळा सुटे, घर सुटे, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज एकदां फुटला म्हणजे त्यास मंडळींत दुसरें काम शोधावें लागे. ज्यांचीं नांवें राहिलीं त्यांच्याविषयीं आपण वाचतों. ज्यांचा गळा गेला त्यांच्याविषयीं कोणी लिहिलेलें नाहीं.

कांहीं वडीलधाऱ्यांस वाटतें कीं नाटक हा आपल्या ख्रिस्ती घरांना शोभणारा नाद नव्हे. त्यांच्यासाठीं थोडेंसें सांगणें अवश्य आहे. संत फिलीप नेरी यांनीं सोळाव्या शतकांत रोम येथें प्रार्थनेसाठीं जो संघ जमविला, त्याच्याच नांवावरून ‘ओरातोरियो’ हा गायनांतून कथा सांगण्याचा प्रकार ओळखला जातो. संत जॉन बॉस्को यांनीं तुरीन शहरांतील अनाथ व कामकरी मुलांना रात्रीं गायन शिकविलें, त्यांच्यासाठीं लहानशी रंगभूमी उभारली आणि तिचे नियमही घालून दिले. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ‘क्रिस्तपुराण’ सुमारें ११,००० ओव्यांत रचलें आणि तें १६१६ सालीं छापून निघालें. तें लोकांनीं देवळांत गावें, ऐकावें, यासाठींच रचलें होतें. गोव्यांतील धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. तेथूनच पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीताला किती तरी वादक मिळाले. आणि ज्याला तियात्र म्हणतात, त्याचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजीं, म्हणजे त्या वर्षींच्या ईस्टरच्या दिवशींच, मुंबईंत झाला. एवढ्यानें ज्यांचें समाधान होत नसेल, त्यांच्याशीं मी वाद घालणार नाहीं.

आतां आजच्या सोयींकडे वळूं. मुंबईंत १९५९ सालीं सुधा करमरकर यांनीं लिटल थिएटर सुरू करून मुलांच्या नाटकाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यानंतर सुटींतील नाट्यशिबिरांची चाल चांगलीच रुजली. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्यें उन्हाळ्यांत मुलांसाठीं शिबिरें भरत आलीं आहेत. गोव्यांत पणजीची कला अकादमी आहे. तेथें हिंदुस्थानी संगीत, पाश्चात्य संगीत आणि नाट्य या तिन्ही शाखा आहेत. केवळ गळा तयार करावयाचा असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. पाश्चात्य पद्धतीनें गाणाऱ्यांसाठीं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आहेत. या परीक्षांना वर्षभर शिकावें लागतें. सुटींतील १५ दिवसांत त्या उरकत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

आपल्या वसईकडून जुहूस रोज जाणें येणें म्हणजे विरार लोकलच्या गर्दींत १२ वर्षांच्या मुलाला घेऊन कोणा मोठ्या माणसानें अर्धा दिवस घालविणें होय. ज्यांच्या घरीं तसें मोकळें माणूस आहे आणि शुल्क भरण्याची ऐपत आहे, त्यांनीं खुशाल जावें. परंतु ज्या माउलीनें मला यंदा विचारलें, ती पहांटे भाजी घेऊन मुंबईच्या बाजारांत जाते. तिच्या मुलीच्या गळ्याला ही वाट उपयोगाची नाहीं.

शिबिर कोणतेंही असो, तेथें नांव घालण्यापूर्वीं शिक्षकास एक प्रश्न अवश्य विचारावा : “मुलाचा आवाज फुटूं लागला तर आपण काय करतां?” हा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतों. ११ ते १४ हें वयच असें आहे कीं मुलाचा कंठ वाढीस लागतो आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. हें एका रात्रींत होत नाहीं. कित्येक महिने वरचे सूर निसटतात, खालचे अजून बसलेले नसतात, आणि मधले एखाददुसरे सूर ऐन वेळीं दगा देतात. मुलींचाही आवाज याच वयांत थोडा खालीं येतो. त्यांत काहीं काळ वारा मिसळल्यासारखा वाटतो, म्हणून ‘हिचा गळा बिघडला’ असें घरचेच म्हणूं लागतात. बिघडलेलें कांहीं नसतें.

जो शिक्षक या प्रश्नावर “जोर लावून गाऊन घेतों, मग आवाज खुलतो” असें म्हणेल, त्याच्याकडे मूल पाठवूं नये. जो म्हणेल कीं “पट्टी उतरवितों, पद लहान करितों, दोन महिने वरच्या सुरांना हात लावीत नाहीं”, त्याच्याकडे निर्धास्तपणें पाठवावें, मग त्याचें नांव वर्तमानपत्रांत कधींही आलेलें नसो. आणखी एक खूण सांगतों. शिक्षक स्वतः पेटी वाजवितो कीं तयार ध्वनिमुद्रणावर मुलांना गाववितो, तें पाहावें. पेटीवाला मुलासाठीं थांबतो, पट्टी बदलतो, दम संपला तर एक आवर्तन अधिक भरतो. ध्वनिमुद्रण कोणासाठीं थांबत नाहीं. त्याच्या मागें धांवतां धांवतां मूल ओरडूं लागतें. घसा बसून दोन आठवड्यांत सुटला नाहीं, तर हळद-मिठाच्या गुळण्यांवर भिस्त न ठेवतां कानाघशाच्या डॉक्टरांस दाखवावें.

आपल्या देवळांतील गायकवृंदाकडे पाहा. चौथी-पांचवींत असलेलीं मुलें नाताळच्या मिस्सेला किती गोड गातात! तेच मुलगे आठवींत गेले कीं मागच्या बाकावर जाऊन बसतात. एका रविवारीं आवाज चिरकतो, शेजारचीं मुलें हंसतात, आणि तो मुलगा पुन्हां तोंड उघडीत नाहीं. पुढें तो लग्न करतो, बाप होतो, धर्मग्रामाच्या समितीवर येतो, तरी मिस्सेंत गात नाहीं. सुटींतील शिक्षण शोधावयाचें तें अशा मुलाला या दोनतीन वर्षांच्या पुलावरून पलीकडे नेणारें. जून महिन्यांत टाळ्या मिळविण्याची घाई त्याच्या कामीं येत नाहीं.

टाळ्यांवरून दूरचित्रवाणीची गोष्ट निघते, कारण अलीकडे पुष्कळ पालकांच्या मनांत तीच असते. गाण्याच्या स्पर्धांतून मुलांची निवड होते, आणि सुटींतील वर्ग म्हणजे त्या स्पर्धेचें दार, असें समजून पैसे भरले जातात. ज्यांना त्या वाटेनें जावयाचें आहे, त्यांनीं कायदा तरी वाचावा. २०१६ सालीं सुधारलेल्या बालकामगार कायद्यानें १४ वर्षांखालील मुलास कलाकार म्हणून काम करण्याची मोकळीक ठेविली आहे, परंतु त्यानें शाळा बुडतां कामा नये. २०१७ च्या नियमांप्रमाणें जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसास ५ तासांपेक्षां अधिक आणि विश्रांतीवांचून ३ तासांपेक्षां अधिक काम घेतां येत नाहीं. लागोपाठ २७ दिवसांपलीकडे काम नाहीं. आणि मिळकतीचा निदान २० टक्के भाग मुलाच्या नांवानें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. हे नियम जो आयोजक ऐकून घेण्यासही तयार नसेल, त्याच्या दारांतूनच परत फिरावें.

याच ओघांत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतों. मुलांच्या तालमीचें दार उघडें असावें, खोलींत निदान दोन मोठीं माणसें असावीं, मुलींच्या वेषभूषेसाठीं बाईमाणूस असावें, आणि कोणत्याही आईला कोणत्याही वेळीं आंत येऊन बसण्याची मुभा असावी. बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ सालीं झाला; तो सर्वांना सारखाच लागू आहे. शिक्षक नामांकित नट असो, देवळांतला मनुष्य असो, किंवा मी असो.

इतकें सांगून झाल्यावर आपण म्हणाल, असें ठिकाण आहे कोठें? माझें मत असें आहे कीं तें आपण येथेंच निर्माण करावें. आपलें सभागृह मे महिन्यांत लग्नाचे दिवस सोडले तर रिकामेंच असतें. सकाळीं ८ ते १०॥, ऊन चढण्यापूर्वीं, १२ दिवस. मुलें २५ पेक्षां अधिक नकोत. सायंकाळची वेळ जपमाळेसाठीं मोकळी राहील. शेवटीं अर्ध्या तासाचा एक लहानसा प्रयोग, भाड्याची रंगभूषा नाहीं, घरचे कपडे. योसेफ आणि त्याचे भाऊ ही कथा मला त्यासाठीं सोयीची वाटते, कारण तींत मोठ्या आवाजाच्या मुलग्यांना अकरा भावांचीं कामें मिळतात आणि ज्यांचा आवाज मधेंच अडकला आहे तेही त्या घोळक्यांत सहज सामावतात. जुनीं नाट्यपदें घ्यावयाचीं असल्यास किर्लोस्करांचीं व देवलांचीं घ्यावीं. किर्लोस्कर १८८५ सालीं व देवल १९१६ सालीं वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याच्या कृतीचे हक्क संपतात, म्हणून त्यांच्या शब्दांसाठीं कोणाची परवानगी लागत नाहीं. मात्र हीं पदें आधीं पट्टी उतरवून पाहावीं; त्यांतील ताना सर्वांच्या गळ्याला झेपणाऱ्या नाहींत.

त्याहून उत्तम साधन आपल्या घरींच आहे. आपल्या आज्या लग्नाच्या वेळीं जीं गाणीं म्हणतात आणि जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्यांचा पल्ला फार तर चारपांच सुरांचा. फुटत्या आवाजाच्या मुलाला नेमके हेच चारपांच सूर गांठतां येतात. त्या चालींवर मुलांनीं योसेफाची कथा स्वतः बांधावी. आज्यांनीं दोन दिवस येऊन चाली शिकवाव्या. पेटीवाल्यानें त्यांच्या मागून जावें. एखाद्याचा आवाज अगदींच चालेनासा झाला तर त्याला सूत्रधार करावें, झांजा द्याव्या, परंतु घरीं पाठवूं नये. शुल्क किती, हें समितीनें ठरवावें. मात्र ज्यांना देणें शक्य नाहीं, त्यांचीं नांवें फक्त फादरांना ठाऊक असावीं.

समितीपुढें माझ्या तीनच विनंत्या आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून सभागृह राखून ठेवावें. शिबिराची देखरेख करण्यास दोन मातांचीं नांवें आजच घ्यावीं. आणि गायकवृंदाच्या पेटीचे वरचे दोन सूर गेल्या पावसाळ्यापासून दबलेले आहेत, ते ईस्टरच्या आधीं दुरुस्त करून घ्यावे; पेटी मुंबईस पोंचविण्याचें व परत आणण्याचें काम मी पत्करतों.