मला पटलं



'दुसऱ्याचं मन वळवण्याची कला' हा विषय संयोजकांनी मला दिला आणि तेव्हापासून माझी आजी सारखी डोळ्यांपुढे येते आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ती ऑपरेशनला तयार नव्हती. मी नुकता शिक्षक झालो होतो, बोलण्याची हौस दांडगी होती. दोन वर्षं मी तिच्याशी वाद घातला आणि प्रत्येक वाद जिंकला. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "तुझं सगळं खरं रे बाबा, पण मला नको."

मग एका दुपारी शेजारच्या काकू तिच्याजवळ तांदूळ निवडायला बसल्या. त्यांचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. त्यांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. गावातल्या गप्पा चालल्या होत्या आणि सुपातला एकेक खडा वेचून त्या वाटीत टाकत होत्या. आजीला ते खडे दिसत नव्हते, पण वाटीत पडताना ऐकू येत होते. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "एवढं दिसतं तुला?" दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "दवाखान्यात कुठल्या वारी जावं लागतं?"

आपल्या भाषेनं हे आधीच ओळखून ठेवलं आहे. आपण 'मला पटलं' असं म्हणतो. तिथं बोलणाऱ्याचा पत्ताच नसतो. पटतं ते ऐकणाऱ्याला, त्याच्या आत. 'पटवलं' म्हटलं की लगेच गिऱ्हाईक पटवल्यासारखा वास येतो. शिवाय हेच क्रियापद आपण आणखी कुठं वापरतो पाहा. ओळख पटते. दोघांचं पटतं. आणि म्हणणं पटतं. मला वाटतं, हा क्रमही बरोबर आहे. माणसाची ओळख पटली, त्याच्याशी आपलं पटलं, की मग त्याचं म्हणणं पटायला सुरुवात होते. मी आजीच्या बाबतीत तिसऱ्या पायरीवरच उडी मारली होती.

हा क्रम अक्षरश: जगलेला माणूस आपल्याकडे होऊन गेला. गाडगे महाराज. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर. लिहिता-वाचता येत नव्हतं. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा. एखाद्या गावात शिरले की भाषणाला उभं राहत नसत, गाव झाडायला घेत. दिवसभर गटारं, रस्ते, देवळाभोवतीची घाण. सुरुवातीला लोक बघत उभे राहत. मग कुणीतरी टोपली आणी, कुणी फावडं आणी. रात्री कीर्तनाला गाव जमे तेव्हा लोकांना या माणसाची ओळख पटलेली असे. स्वच्छतेवर बोलायला त्यांच्याकडे दिवसभराचा पुरावा असे, आणि तो पुरावा श्रोत्यांच्या दाराशीच असे.

त्यांच्या कीर्तनाची तऱ्हा मला फार मोलाची वाटते. ते सांगत कमी, विचारत जास्त. वऱ्हाडी बोलीत, शेताच्या बांधावर विचारावा तसा साधा प्रश्न. समोरचे हजारो लोक एका आवाजात उत्तर देत. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची बुडालेली नाव वर येते, हे सगळ्यांना माहीत. हो ना? हो. मग लढाईत बुडालेल्या आगबोटी एक पूजा घालून वर का काढत नाहीत? या प्रश्नावर कीर्तनात हशा पिकत असे, पण हसणारा माणूस स्वत:च्याच उत्तरावर हसत असे. 'तुमची श्रद्धा खोटी' असं त्याला कुणी म्हटलेलं नसे. त्यामुळं त्याला मान वाचवायला भांडावं लागत नसे. घरी जाताना तो निष्कर्ष स्वत:चा म्हणून घेऊन जाई. स्वत:च्या तोंडून निघालेल्या उत्तराशी माणूस सहसा भांडत नाही.

आणि ते कशावर बोलत? दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्नं करू नका, देवापुढं मुकं जनावर मारू नका, पोराला शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका. यातल्या पहिल्या दोन गोष्टींपायी तर त्यांचं स्वत:चं घर रडलेलं होतं. वडील दारूपायी गेले. डेबूजी आईबरोबर मामाकडं दापुऱ्याला आले, तर मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. पुढं मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण-दारूची पंगत घालायची रीत होती. डेबूजींनी गोड जेवण वाढलं आणि नातलगांचा राग ओढवून घेतला. म्हणजे दुसऱ्याला सांगण्याआधी त्यांनी ते स्वत:च्या अंगणात करून पाहिलं होतं.

ऐकणारा माणूस मनात एक हिशेब करत असतो: यात याचा काय फायदा? गाडगे महाराजांच्या बाबतीत हा हिशेब शून्यावर येई. धनिकांकडून त्यांनी धर्मशाळांसाठी, शाळांसाठी पैसा उभा केला, घाट बांधले, पण स्वत: चार घरची भाकरी खापरात घेऊन खाल्ली. कुणी पाया पडायला वाकलं तर काठी उगारत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली आणि १९४९ साली त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली.

इथं मला थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धसत्य सांगेन. मन वळवण्याला मर्यादा आहे. दलितांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. माणसं शांतपणे दाराशी उभी होती, त्यांची बाजू न्यायाची होती, तरी आतल्यांना पटलं नाही. पुढं साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून आधी सुमारे चार महिने महाराष्ट्र पालथा घातला. गावोगावी सभा झाल्या, कितीतरी विहिरी आणि देवळं त्या दौऱ्यातच खुली झाली. मग १ मे १९४७ ला ते पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा मेला उपोषण सुटलं, मंदिर खुलं झालं.

ते उपोषण म्हणजे मन वळवणं की दडपण? हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. माझं उत्तर असं: दौऱ्यानं मनं वळली, उपोषणानं दार उघडलं. दडपण होतंच. पण ज्यांना शतकानुशतकं पायरीबाहेर ठेवलं, त्यांनी आणखी एका पिढीची मनं वळेपर्यंत उन्हात उभं राहावं, असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नव्हता. हक्काची गोष्ट समोरच्याच्या पटण्यावर सोडता येत नाही. मात्र दार उघडल्यावर आत एकाच गाभाऱ्यात शेजारी शेजारी उभं राहायचं असतं, आणि त्यासाठी तो चार महिन्यांचा दौरा लागतो.

हल्ली मन वळवण्याचा धंदा झाला आहे. तळहाताएवढ्या मोबाईलमधून सकाळपासून आपल्याला काहीतरी पटवलं जातं: कर्ज घ्या, अमक्याचा द्वेष करा, तमकं औषध खा. यात भुलवणं किती आणि पटणं किती, हे ओळखायला मी दोन प्रश्न वापरतो. सांगणाऱ्याला मला उलट विचारता येतं का? आणि मी नाही म्हटलं तर त्याचं काय बुडतं? उलट विचारायची सोय नसेल आणि माझ्या नकारानं त्याचं दुकान बसणार असेल, तर मी फोन उपडा ठेवतो. तरुणांनी हे करून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक विनंती. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलिसांपुढं झालेलं गाडगे महाराजांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. आज रात्री ते ऐका. त्यातल्या प्रश्नांकडं लक्ष द्या आणि प्रश्नानंतर लोकांचा जो आवाज उठतो, त्याकडं तर जास्तच. ते त्यांचं अखेरचं कीर्तन ठरलं. त्यानंतर ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचं देहावसान झालं.