साठवण : अन्नाची आणि आठवणींची
(सफाळे परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



चैत्र-वैशाखात सफाळ्याच्या परिसरातील गावे पाहत गेले, तर मोकळे अंगण क्वचितच आढळते. पूर्वेस तांदूळवाडीच्या डोंगराखालच्या पाड्यांवर आंबोशी आणि मोहाची फुले उन्हात पसरलेली असतात. वाड्यांतून लोणच्यासाठी चिरलेल्या कैऱ्यांना मीठ लागलेले असते. पश्चिमेस एडवण, कोरे, दातिवरे या किनाऱ्याकडे पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी घराघरांत भरून ठेवली जात असते. नागलीचे पापड, सांडगे, मीठ घालून वळलेले चिंचेचे गोळे, राख चोळून ठेवलेले वाल, ही यादी कोणत्याही घरी वाढवता येईल. या साऱ्या कामात एक गोष्ट समान दिसते. हात कोणाचेही असोत. मीठ पुरे झाले की नाही, हे सांगण्याचा अधिकार घरातील वृद्ध स्त्रीकडे असतो.

त्या वृद्धेच्या शब्दाला शाळेच्या वहीत स्थान मिळावे, हा या भाषणाचा हेतू आहे. उतारवयात माणसाजवळ दोन प्रकारची साठवण असते. एक बरणीत आणि दुसरी स्मरणात. पहिली नासली तर एका पावसाळ्याची अडचण होते. दुसरी गेली तर पुढच्या उन्हाळ्यात ती नव्याने घालता येत नाही.

प्रथम बरणीचा विचार करू. अन्न नासते ते सूक्ष्म जीवांमुळे, आणि त्या जीवांना वाढण्यास पाणी लागते. ओल्या बोंबलाच्या वजनात जवळजवळ नऊ दशांश भाग पाणीच असते. म्हणून कोळी बांधव रोवलेल्या बांबूंना दोर बांधून, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वाऱ्यावर टांगतात. पाणी उडून गेले की तीच नाशवंत मासळी कित्येक महिने टिकते. शासनाच्या बंदीमुळे जून-जुलैत समुद्रातील यांत्रिक मासेमारी थांबते, तेव्हा हीच मासळी घराला आधार देते. लोणच्यात पाणी काढण्याचे काम मीठ करते. एक किलो फोडींस साधारणतः दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागते. कैरीचा आंबटपणा त्याला साहाय्य करतो, आणि वर राहणारा तेलाचा थर हवा अडवून बुरशीला दूर ठेवतो. केवळ तेलाने मात्र लोणचे टिकत नाही. मीठ कमी पडले तर तेलाखालीही ते बिघडते. मोरांब्यात हेच काम साखर करते.

फ्रान्समधील निकोलस अपेर याने हवाबंद बाटल्यांत अन्न तापवून टिकवण्याची रीत १८१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती का साधते, हे त्याला ठाऊक नव्हते. अन्न नासण्याचे खरे कारण पाश्चर याच्या प्रयोगांनी सुमारे अर्धशतकानंतर स्पष्ट झाले. लोणच्यात ओला चमचा घालू नये, बरणी उन्हात तापवल्यावाचून भरू नये, असे बजावणारी आजी अपेरच्याच पंक्तीत बसते. तिला नियम ठाऊक असतो; कारण सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.

परंतु येथे एक अडचण आहे. आजीचे माप म्हणजे तिची मूठ. ‘एका पाटीला चार मुठी’ असे ती सांगते, आणि त्या मुठीबरोबर ते मापही एक दिवस जाते. म्हणून शाळेने पहिला उपक्रम तराजूचा करावा. विद्यार्थ्याने घरी आजीला नेहमीप्रमाणे मीठ घेऊ द्यावे, आणि ते बरणीत पडण्यापूर्वी तोलून वहीत लिहावे. आंबोशीच्या फोडी वाळत घालण्यापूर्वी व वाळल्यावर तोलाव्यात. किती पाणी उडाले, याचे शेकडा प्रमाण वर्गात काढावे. गणित, विज्ञान आणि भाषा हे तिन्ही विषय एका पाटीतील कैऱ्यांवर शिकवता येतात.

तराजू हाती असतानाच दुसरा प्रश्न सहज विचारता येतो : ही रीत आली कोठून? ‘घराण्याचा इतिहास सांगा’ असे म्हटले की वृद्ध माणूस बहुधा संकोचतो आणि आमच्याकडे कसला इतिहास, असे म्हणून गप्प बसतो. ‘हे लोणचे सासरच्या रीतीचे की माहेरच्या?’ असे विचारले की तोच माणूस बोलू लागतो. मग माहेरचे गाव निघते, त्या गावी जाण्याची वाट निघते, होडी निघते, रेल्वे निघते, कोणत्या वर्षी मीठ मिळाले नाही ते निघते. शिवाय यात एक विशेष लाभ आहे. प्रचलित वंशावळीत पुरुषांचीच नावे असतात. स्त्रिया तीत येत नाहीत. लोणच्याला मात्र माहेर असते. आई, तिची आई, तिची आई अशी जी परंपरा कोणत्याही दप्तरात आढळणार नाही, ती पाककृतीच्या मागोमाग लिहून घेता येते.

असे लिहून ठेवणे या भूमीला नवे नाही. ‘महिकावतीची बखर’ हा ग्रंथ उत्तर कोकणाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. त्यातील केशवाचार्यांनी रचलेल्या जुन्या भागाचा काळ त्यांनी इ. स. १४४८ असा दिला आहे. या बखरीत राजांच्या हकिकतीबरोबर घराण्यांची कुळे आणि गोत्रेही आली आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड राजवाडे यांनी १८९८ मध्ये काढला. त्यासाठी गावोगाव हिंडून त्यांनी लोकांच्या घरांतून जुने कागद मिळवले. जे कागद कोणीतरी जपून ठेवले होते, तेवढेच त्यांच्या हाती लागले. वाळवीने खाल्लेले कोणाच्याच हाती आले नाहीत. तथापि, बखरीत मानाची घराणी आली. मासळी सुकवणारी, मिठागरात राबणारी, डोंगरावर नागली पिकवणारी माणसे आपापल्या नावाने तीत आली नाहीत. ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य गावच्या शाळेत आहे, कारण या साऱ्या घरांची मुले तिच्या पटावर आहेत.

या कामाचा व्यवहारातील उपयोगही शिक्षकांनी ध्यानात घ्यावा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. अनेक कुटुंबांच्या बाबतीत असा पुरावा शाळेच्या जुन्या दाखलखारीज नोंदवहीतच सापडतो. परंतु नोंदवहीत असते केवळ एक नाव. ते नाव आजच्या विद्यार्थ्याच्या पणजोबांचे की त्यांच्या चुलतभावाचे, ते कोणत्या गावच्या शाळेत बसत, घरी त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत, हे सांगणारा धागा वृद्धांच्या स्मरणाखेरीज अन्यत्र नसतो. तो तुटला तर नोंदवही सुरक्षित असूनही निरुपयोगी ठरते. वन हक्क कायदा २००६ चा. त्याखालील २००८ च्या नियमांनी दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हा पुराव्याचा एक प्रकार मानला आहे, आणि त्याच्या जोडीला आणखी पुरावा अपेक्षिला आहे. विद्यार्थ्याच्या वहीतील टिपण म्हणजे असे निवेदन नव्हे. परंतु कोणास काय ठाऊक आहे आणि कोणास विचारले पाहिजे, हे त्या टिपणावरून वेळीच कळते.

गावे एका जागी कायम राहतात, असेही नाही. तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील लोकांना आपली घरे सोडून अन्यत्र वसावे लागले. गाव उठले की मासळी वाळण्याचे अंगण जाते, आणि कोणाच्या अंगणास कोणाचे अंगण लागून होते, हेही दोन पिढ्यांत विसरले जाते.

आता कार्यपद्धती. एका बैठकीस अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेऊ नये. वृद्ध माणूस थकतो आणि थकलेल्या माणसाची नावे एकमेकांत मिसळतात. दोन-तीन बैठका घ्याव्यात. प्रत्येक वेळी मागील टिपण वाचून दाखवावे आणि ती व्यक्ती जी दुरुस्ती सांगेल ती करावी. वारली, वाडवळी, मांगेली, जी बोली ती बोलते, त्याच बोलीतील शब्द लिहावेत. आंबोशीला, कणगीला, जाळ्याच्या प्रकाराला घरात जे नाव असेल तेच ठेवावे. शुद्ध भाषेच्या आग्रहाने ते बदलू नये.

वृद्धांना सन आठवत नाही, पण घटना आठवतात. यासाठी एक कालपट वर्गात टांगावा : १४ ऑगस्ट १९४२, पालघर येथील गोळीबार आणि पाच हुतात्मे, १९४५, वारल्यांचा लढा, १९४७, स्वातंत्र्य, १ मे १९६०, महाराष्ट्र राज्य, १९६२, जिल्हा परिषदांची स्थापना, १९६९, तारापूरची वीज, १९७२, दुष्काळ, १ ऑगस्ट २०१४, पालघर जिल्हा. ‘लग्न झाले ते दुष्काळाच्या आधी की नंतर?’ एवढ्या प्रश्नाने पुष्कळ तिथ्यांचा निकाल लागतो. जे निश्चित ठरणार नाही त्यापुढे ‘सुमारे’ असे लिहावे. दोघा भावांच्या सांगण्यात फरक पडला तर दोघांचेही म्हणणे नावानिशी लिहावे. शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये. ऐकलेली आणि पाहिलेली गोष्ट वेगळी दाखवावी. अतिशयोक्तीने टिपण फुगवणे म्हणजे ओली मासळी डब्यात भरणे होय.

काही गोष्टी न लिहिणे हेही कर्तव्य आहे. भाऊबंदकी, कर्ज, कोणाच्या घरची बदनामी, किंवा सांगणाऱ्याने ‘हे लिहू नको’ म्हटलेले काहीही विद्यार्थ्याच्या वहीत येऊ नये. ज्या मुलाच्या घरी वृद्ध कोणी नाही, त्याने शेजारच्या आजीकडे जावे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना बरण्यांविषयी विचारून लाजवू नये. घर सोडताना बरोबर काय बांधून नेतात, परत येईपर्यंत काय टिकते, पूर्वी आजोबा कोठे कामास जात, हे त्यांनी लिहावे. त्यांचा इतिहास वाटेवरचा आहे, एवढाच काय तो फरक.

वही टिकवण्याचीही रीत आहे. किनाऱ्याच्या दमट हवेत शाई पसरते. पेन्सिलीचे अक्षर पसरत नाही. पापडाला कडक ऊन हितकारक, कागदाला ते मारक. वहीला सावलीत वारा द्यावा. वही जमिनीवर अथवा भिंतीला लागून ठेवू नये. कपाटात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. प्रत्येक पानावर सांगणाऱ्याचे व लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि दिनांक घालावा. एक प्रत घरी द्यावी, एक शाळेत राहावी. आज बहुतेक शिक्षकांजवळ छायाचित्र घेणारा फोन आहे. पानांची छायाचित्रे काढून ती दुसऱ्या ठिकाणीही ठेवावीत. परंतु फोन बदलतो, बिघडतो. म्हणून कागदाची प्रत असावीच.

हे काम उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी सुरू करावे. त्या दिवसांत वृद्धांचे हात साठवणीच्या कामात असतात, आणि काम करणाऱ्या हातांबरोबर जीभही मोकळी होते. प्रत्येक विद्यार्थ्याने सुटीत एक पदार्थ, त्याचे माप, तो शिकवणाऱ्या तीन पिढ्यांची नावे आणि त्यांची गावे एवढे लिहून आणले, तरी जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा गावाच्या इतिहासाचे पहिले पान तयार असेल. ज्या घरी वयोवृद्ध माणूस आहे, त्या घरापासून आरंभ व्हावा; इतर घरे पुढील वर्षीही घेता येतील. ते घर मात्र याच वर्षी घेतले पाहिजे.