दिवसभर हात कशात असतात?

(वसंत व्याख्यानमालेत आमगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘पर्यावरण, व्यवसाय आणि आरोग्य’ असा छापला आहे. भोपाळमध्ये 1984 च्या डिसेंबरात विषारी वायूनं काय झालं ते या सभागृहात सांगायला नको. तिरोड्याचं 3300 मेगावॉटचं वीज केंद्र आणि कोळशाची राख यांवर इथे चहाच्या टपरीवर रोज परिसंवाद होतो. (हशा) यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात पोचले, तेही तुम्ही वाचलं आहे. ते सगळं मी गृहीत धरतो.

यवतमाळकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, कारण एकाच हंगामात, एकाच कामातली, एकाच लक्षणाची माणसं एकापाठोपाठ एक आली. पण जे विष रोज चिमूटभर अंगात जातं, वीस-वीस वर्षं जातं, ते कुणाच्या लक्षात येणार? त्यासाठी मला एकच उपाय माहीत आहे. गेली कित्येक वर्षं मी तो जिथे जातो तिथे सांगतो, आज इथेही सांगणार आहे. दवाखान्याच्या केस पेपरवर नाव, वय, गाव असतं. तिथे माणसाचं काम लिहिलं गेलं पाहिजे आणि ते नीट विचारून लिहिलं गेलं पाहिजे.

ही कल्पना माझी नाही. इटलीतल्या मोदेना शहरात बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. त्यांच्या घरचा शौचकूप उपसायला एक मजूर आला होता. तो जिवाच्या आकांतानं घाई करत होता. रामाझ्झिनींनी कारण विचारलं. मजूर म्हणाला, इथे फार वेळ राहिलं तर डोळे जातात. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे पाहिले, मग गावातल्या त्याच धंद्यातल्या इतरांचे पाहिले आणि त्यातून पुढे कामगारांच्या रोगांवर आख्खं पुस्तक उभं राहिलं. साल होतं 1700. रोग्याला काय काय विचारावं याची हिपोक्रेटिसची यादी वैद्यांना पाठ होती. रामाझ्झिनींनी तिच्यात एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा काय? आणि आमगावकरांनी लक्षात ठेवावं, त्या पुस्तकात धान्य चाळणाऱ्यांवर एक प्रकरण आहे आणि तंबाखूत काम करणाऱ्यांवरही एक आहे. सव्वातीनशे वर्षांपूर्वी तिकडे बसून त्यांनी आपल्या गोंदिया जिल्ह्यावर लिहून ठेवलं. (हशा)

आता धानाकडे येऊ. हा जिल्हा धानाचं कोठार आहे. 100 क्विंटल धान भरडलं की साधारण 20 क्विंटल तूस निघतं. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरला तूसच जाळतात. 20 क्विंटल तुसाची साधारण 4 क्विंटल राख होते आणि त्या राखेत 80 ते 90 टक्के सिलिका असते. आच बेताची असली तर ती कमी घातक रूपात राहते. आच फार वाढली तर तीच सिलिका स्फटिकरूप होते आणि स्फटिकरूप सिलिकेची धूळ फुप्फुसात एकदा रुतली की निघत नाही.

माझ्याकडे लांजीकडचा एक मजूर आला. वय चाळिशीचं, जाडजूड फाइल काखेत. एका दवाखान्यात दोनदा क्षयाची औषधं सुरू झाली होती आणि थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. मी विचारलं, ‘दादा, काम काय करता?’ म्हणाला, ‘मजुरी.’ ‘कसली?’ ‘राईस मिलमध्ये.’ इथे बहुतेक डॉक्टर थांबतात. मी पुढे विचारलं, ‘मिलमध्ये कुठे?’ ‘बॉयलरची राख काढतो जी.’ मग तो आपणहून म्हणाला, ‘दिवाळीनंतर भरडाई लागली का खोकला वाढते. पावसाळ्यात रोवणीले गावी गेलो का कमी होते.’ बघा, अर्धं निदान तो माणूस खिशात घेऊन फिरत होता. ते बाहेर यायला तीन प्रश्न पुरले. फाइलमध्ये क्ष-किरणांचे फोटो सहा होते आणि त्याच्या कामाबद्दल एक शब्द नव्हता.

(श्रोत्यांमधून एका मिलमालकांनी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, मग मिला बंद करायच्या का?’)

नाही, बंद करायच्या नाहीत. बसा, रागावू नका. तुमच्या मिलीवर शेकडो चुली पेटतात, मलाही ते कळतं. राख कोरडी उडवण्याऐवजी पाणी मारून ओली काढा. कोंढ्याच्या खोलीत धूळ खेचणारा पंखा बसवा. झाडू कोरडा मारू देऊ नका. तोंडाला गमछा बांधून बारीक धूळ थांबत नाही, चांगला मास्क द्या. आणि मजुरांची वर्षातून एकदा फुंकर-चाचणी करा. यातलं काहीही मिल विकायला लावणारं नाही. उलट तुम्ही स्वतः दिवसभर त्याच आवारात बसता, ही धूळ मालक-मजूर ओळखत नाही. (टाळ्या)

आता बीडी. हे मी पाच मिनिटांत उरकणार होतो.

संशोधन आधी सांगतो. मुंबईत टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात बीडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीत उतरतं. जे कामगार तंबाखू ओढत नव्हते, खात नव्हते, त्यांच्याही लघवीत ते सापडलं. पेशींमधल्या गुणसूत्रांची मोडतोडही इतरांपेक्षा जास्त दिसली. म्हणजे व्यसन नाही आणि तरी तंबाखू अंगात. नाकावाटे धुळीतून आणि हाताच्या कातडीवाटे.

माझी माय बिड्या वळायची. तिरोडा तालुक्यातलं गाव, दोन खोल्यांचं घर, उजेडासाठी ती दारातच बसायची. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची. सकाळी मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याचा फर्मा ठेवून पान कात्रीनं कापायचं, चिमूट घालायची, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, धागा बांधायचा. तोंडं दुमडायला संध्याकाळी मी बसायचो. पंचवीसचा कट्टा. बिड्या गोळा करणारा सट्टेदार कट्टे बोटांनी दाबून बघायचा आणि छाट, म्हणजे नापास बिड्या, काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, पण ती बीडीही परत नाही.

माय दिवसाला सातआठशे बिड्या वळायची. एका बीडीत साधारण पाव ग्रॅमहून थोडी कमी तंबाखू, आपण 0.2 ग्रॅम धरू. दिवसाला 160 ग्रॅम. वर्षाचे 300 दिवस धरले तर 48 किलो. तीस वर्षांची 14 क्विंटलांहून अधिक. धानाचा हिशेब करणारी माणसं तुम्ही, 14 क्विंटल डोळ्यांपुढे आणा. एवढी तंबाखू एका बाईच्या बोटांतून गेली आणि तिनं आयुष्यात एक बीडी ओढली नाही.

ती हात धुऊन आम्हाला भरवायची. राखेनं घासून धुवायची. तरी पहिला घास कडू लागायचा. भात असाच लागतो असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. मावशीकडे जेवलो तेव्हा कळलं की भात गोड असतो.

तिला सकाळी मळमळायचं, डोकं गरगरायचं. लग्नकार्याला चार दिवस परगावी गेली की बरं वाटायचं. घरचे म्हणायचे, माहेरची हवा मानवते. पुढे दम लागायला लागला. तोवर मी डॉक्टर झालो होतो. तिला घेऊन मीच दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, ‘बाई काय करतात?’ आणि मी सांगितलं, ‘घरीच असते.’ त्यानं लिहिलं, गृहिणी.

(सभागृह स्तब्ध.)

तिचा आजार तंबाखूनंच झाला असं मी इथे छातीठोकपणे सांगणार नाही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण कागदावर तंबाखू नाहीच. कामाचा रकाना होता. त्यात चुकीचा शब्द मी सांगितला. म्हणून मी म्हणतो की नुसता रकाना पुरत नाही. ‘नोकरी काय?’ असं विचारलं तर आपल्याकडच्या बाया ‘घरीच राहते जी’ म्हणतात आणि सूप बाजूला सारून उठून आलेल्या असतात. बीडी वळणं हे त्यांच्या लेखी काम नाही, फावल्या वेळचा हातभार आहे. त्यांना विचारायचं ते असं: ‘दिवसभर तुमचे हात कशात असतात?’

(मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ गृहस्थ: ‘माझी आजी मरेपर्यंत बिड्या वळत होती. पंच्याऐंशी वर्षं जगली.’)

आजोबा, तुमच्या आजीला नमस्कार. पण त्या गावात तिच्याबरोबर वळणाऱ्या किती जणी होत्या? त्यातल्या किती साठीच्या आत गेल्या? तुम्हाला आठवत नाही आणि मलाही सांगता येणार नाही. जगलेली आजी घरात दिसते, गेलेल्यांची मोजदाद कागदावरच करावी लागते. तुमचा आक्षेप खरा की माझी भीती खरी, हे ठरवायलासुद्धा तोच रकाना लागेल. (टाळ्या)

कायद्याचं थोडं. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यानं ठरावीक व्यवसायजन्य रोग दिसला तर डॉक्टरनं कळवलंच पाहिजे असं बंधन घातलं आणि 2020 च्या नव्या कामगार संहितेतही तशी तरतूद आहे. पण दारात बसून बीडी वळणारी बाई कारखान्यात कुठे असते? बीडी कामगारांसाठी 1966 चा वेगळा कायदा झाला. 1976 साली कल्याण निधी झाला, त्याच्या उपकरातून दवाखाने चालले. 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि तो उपकर गेला. निधीचा झरा आटला, बिड्या वळणं थांबलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. (पुन्हा पाहून) सात. (हशा) बरं, मग टिपणातलं उरलेलं भराभर सांगतो.

रोवणी-कापणी: धानाची लोंबी किंवा तूस डोळ्याला लागलं आणि डोळा लाल झाला तर औषधाच्या दुकानातून कुठलेही थेंब आणून घालू नका. अशा जखमेत बुरशी शिरते आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी ती फोफावते. त्यात डोळा जाऊ शकतो. डॉक्टरांना ‘धान लागलं’ हे दोन शब्द सांगा. फवारणी: डब्याचं लेबल फाडून फेकू नका, रुग्णाबरोबर डबाच दवाखान्यात न्या. तेंदूपत्ता: हंगाम तोंडावर आहे. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परता, पाणी बरोबर ठेवा. चूल: पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की धूम्रपान न करणाऱ्यांनाही दम्यासारखा कायमचा फुप्फुसविकार होतो आणि त्याचं एक मोठं कारण लाकडाचा, गोवऱ्यांचा धूर आहे. म्हणजे ‘घरीच असते’ म्हणणारीची चूलसुद्धा त्या रकान्यात आली पाहिजे.

हे सगळं किती मोठं आहे? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा एकत्र अंदाज असा की 2016 या एका वर्षात कामाशी संबंधित आजार आणि अपघातांनी जगात 19 लाख माणसं गेली आणि त्यातले बहुसंख्य मृत्यू अपघातांचे नव्हते, आजारांचे होते. राजस्थाननं सिलिकेच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसच्या रुग्णांची नोंद घ्यायला सुरुवात केली आणि 2019 मध्ये त्यांच्यासाठी धोरण आणलं. आधी नोंद झाली, मग मदत आली. हा क्रम उलटा होत नाही.

पदमपूर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला म्हणून ज्याला तुम्ही आपला म्हणता त्या नाटककार भवभूतीनं करुणेला सगळ्या रसांचं मूळ मानलं. वैद्याच्या करुणेला मात्र आधी माहिती लागते. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथले काही विद्यार्थी आज समोर बसलेले दिसतात. पोरांनो, तुम्हाला मोठं यंत्र नको, अनुदान नको. बाह्यरुग्ण विभागात वर्षभर प्रत्येकाला काम विचारा, कामात नेमकं काय ते विचारा, किती वर्षं ते लिहा. एका वर्षात या जिल्ह्याचा असा नकाशा तुमच्या हाती येईल जो आज कुणाकडेच नाही.

आणि मागे बसलेल्या मावश्यांनो, शेवटचं तुम्हाला. पुढच्या वेळी चिठ्ठी काढाल तेव्हा खिडकीवर कुणी विचारो न विचारो, ‘घरीच राहते’ म्हणू नका. ‘बीडी वळते, वीस वर्षं झाली’ असं सांगा. ‘मिलमध्ये कोंढा झाडते’ असं सांगा. आणि तो लिहीपर्यंत खिडकीवरून हलू नका.