स्वप्नातलं पावशेर तूप



१९०७ साली पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन याच जळगावात भरलं आणि धरणगावचे कोवळ्या वयाचे त्र्यंबक बापूजी ठोमरे इथून ‘बालकवी’ होऊन परतले. स्वप्नवर्णनातले रंग आणि संवेदना या विषयावर बोलायला याहून योग्य गाव कुठलं? (या संमेलनाचे आम्ही यजमान आहोत, एवढी फुशारकी चालवून घ्या.) बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची. त्यात निळा, हिरवा, पांढरा, काळा असे घरातले रंग आहेत, तरी वाचताना आपण जागे आहोत की झोपेत, कळत नाही. ‘अद्भुत’, ‘स्वप्नवत’ असले शब्द त्यांना लागले नाहीत.

आपल्याला मात्र लागतात. स्वप्न लिहायला बसलं की आधी धुकं येतं, मग चांदणं, मग पांढऱ्या वस्त्रातली कुणी स्त्री. मला त्यातलं एकही स्वप्न खरं वाटत नाही. तुकोबांचं वाटतं. गुरू बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात केलेला उपदेश त्यांनी अभंगात सांगितला आहे. गंगास्नानाची वाट, मस्तकावर ठेवलेला हात, आणि गुरूंनी जेवायला मागितलेलं तूप. तेही किती? पावशेर! शिवाय ते द्यायचं राहून गेलं, हेही तुकोबा सांगतात. साक्षात्काराच्या गोष्टीत तुपाचं माप कुणी रचून घालत नाही.

रंगांबाबत थोडं जपून. १९४० च्या दशकात अमेरिकेत लोकांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी रंगीत स्वप्नं क्वचितच पडतात असं सांगितलं. १९६० च्या दशकात उत्तर उलटलं. मधल्या काळात सिनेमा रंगीत झाला होता. बदललं ते स्वप्न की स्वप्नाची आठवण, यावर अभ्यासक अजून भांडतात. म्हणजे रंग भरताना आपण पडद्यावरचा उचलतोय की स्वतःचा, हे तपासायला हवं. आणि जन्मांध माणसंही स्वप्नं पाहतात. त्यांची स्वप्नं आवाजाची, स्पर्शाची, वासाची असतात. डोळस लेखक या तिन्हींकडे फार कमी वळतो.

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. दुपारच्या सत्राला येताना प्रत्येकाने आपल्या एखाद्या स्वप्नाच्या चार ओळी लिहून आणाव्यात, त्यात एक तरी वास किंवा स्पर्श असावा, आणि धुकं नसावं, एवढी स्वागत समितीची विनंती आहे.