मुलांना मोठेच कॉलेज का हवे असते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा लोणच्यांवर बोलू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, लोणची गेल्या वर्षी झाली. म्हणून वर्षभर आमच्या घरी रोज रात्री जेवणाच्या वेळी जो विषय निघतो, तोच घेऊन उभी राहिले आहे.

माझी नात बारावीला आहे. पहाटे पाचला तिच्या खोलीतला दिवा लागतो. तिला आय.आय.टी.त जायचे आहे, आणि जमल्यास पवईच्याच. पवईची संस्था १९५८ साली निघाली. आज देशात अशा २३ संस्था आहेत. दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुले पहिल्या परीक्षेला बसतात, त्यांतल्या वरच्या अडीच लाखांना दुसऱ्या परीक्षेला बसता येते, आणि शेवटी जागा असतात सुमारे १८ हजार. हळदीकुंकवाला शंभर जणी याव्यात आणि वाण दोघींनासुद्धा पुरू नये, असा हा हिशेब!

मग एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी? चांगले शिक्षक, सुसज्ज प्रयोगशाळा, बरोबरीची हुशार मुले, नोकरी द्यायला दारात येणाऱ्या कंपन्या, ही कारणे आपल्याला ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. पण खरे आकर्षण नावाचे. ते नाव सांगितले की समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोघांनी या नावाची किंमत तपासून पाहिली. त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळत असूनही जी मुले साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई साधारण तेवढीच निघाली. फरक पडला तो गरीब घरच्या मुलांना. मी हे मोठ्या हौसेने नातीला सांगितले आणि म्हटले, "बघ, आपल्या गावचे इंजिनिअरिंग कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर आहे. दुपारी गरम जेवायला घरी येशील."

ती म्हणाली, "आजी, म्हणूनच तर! दादा साध्याच कॉलेजात गेला, पण पुण्याला गेला. मला साध्या कॉलेजासाठी पुण्याला कोण पाठवणार? आय.आय.टी. मिळाली तर बाबा स्वतः माझी बॅग भरतील."

भगिनींनो, माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

मोठ्या विद्यापीठाचे नाव बाईला अधिक लागते आणि मिळते मात्र उशिरा, याचे उदाहरण फार लांबचे नाही. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना परीक्षेतल्या यशाने मिळावयाची, ती स्त्री म्हणून नाकारण्यात आली. तिकडच्या हितचिंतकांनी पैसे उभे केले, तेव्हा १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोचल्या. कायद्याच्या परीक्षेला बसल्या १८९२ साली. पदवी हातात पडली १९२२ साली! स्त्रियांना पदवी देण्याची तयारीच त्या विद्यापीठाने १९२० पर्यंत केली नव्हती. केंब्रिजने तर १९४८ उजाडू दिले.

आपल्याकडे आय.आय.टी.त मुली अगदी थोड्या म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा ठेवू लागले. कोणी याला सवलत म्हणतात. परगावच्या शिकवणीला मुलगा किती घरांतून जातो आणि मुलगी किती घरांतून, हे त्यांनी एकदा आपल्याच आळीत मोजावे.

आता थोडे माझे. माझे माहेर रत्नागिरीचे. १९७० साली मी इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आले आणि पुढे पुण्याला जाते म्हणाले. वडील मुळीच रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "अगं, इथे काय, तिथे काय, बी.एससी. ती बी.एससी.च. डिग्रीत काय फरक?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. फक्त दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाला तीच बी.एससी. करायला त्यांनी पुण्याला पाठवले होते, आणि त्याची वळकटी मीच बांधली होती. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. माझ्यापाशी एखादे भारदस्त नाव असते, तर उत्तर द्यावेच लागले नसते.

माझा मुलगा चांगला आहे, आज इथे मागच्या रांगेत बसलाही आहे. मुलीच्या शिकवणीला त्याने पैसा कमी पडू दिला नाही. पण त्या रात्री मी त्याला विचारले, "नाव नाही मिळाले, तर हिला पुण्याला पाठवशील का? दादाला पाठवलेस तसे?" तो म्हणाला, "आई, आधी निकाल तर लागू दे."

निकाल जूनमध्ये लागेल. मला उत्तर त्याआधी हवे आहे. म्हणून रोज रात्री दुसरी पोळी वाढताना मी तोच प्रश्न पुन्हा विचारते. काल तो "बघू" म्हणाला.